शेजारी एक जवळचा नातेवाईक

अटीकाकांनी आयुष्यात गाडी कधी चाळीसच्या पुढे नेली नव्हती. तरीही एका रविवारी सकाळी ते शर्यतीच्या रेषेवर जाऊन उभे राहिले, आणि यात आपला दोष फारसा नव्हता असं ते अजून सांगतात. त्यांच्या मते दोष तिघांचा: मोबाइलचा, साडूचा आणि परवानगीच्या फॉर्ममधल्या नवव्या रकान्याचा. ऐकणारा चौथं नाव सुचवतो तेव्हा ते चष्मा पुसायला घेतात.

काका विमा कंपनीत अपघातांच्या दाव्यांच्या टेबलावर होते. एकतीस वर्षं लोकांच्या चेपलेल्या गाड्यांचे फोटो बघून त्यांची अशी पक्की खात्री झाली होती, की गाडी ही मुळात उभी करून ठेवण्याची वस्तू आहे. त्यांच्याकडे कुणी काहीही मागितलं, की ते "देतो, पण एका अटीवर" असं म्हणून सुरुवात करायचे. गॅलरीत आलेला चेंडू परत देतानासुद्धा त्यांनी एकदा पोरांकडून तीन अटी कबूल करून घेतल्या होत्या. तेव्हापासून इमारतीत त्यांचं खरं नाव फक्त वीजबिलावर उरलं.

अशा माणसाच्या घरात एक दंतकथा नांदत होती. ती अशी, की मुलीच्या जन्माच्या दिवशी काकूंना कळा सुरू झाल्या आणि काकांनी गाडी वाऱ्यासारखी पळवत त्यांना वेळेवर दवाखान्यात पोचवलं. दर वाढदिवसाला मुलगी ही गोष्ट सांगायला लावायची आणि दर वाढदिवसाला तिच्यात थोडी भर पडायची. पाचव्या वर्षी एक ट्रक आडवा आला. नवव्या वर्षी रेल्वेचं फाटक पडता पडता गाडी निसटली. मुलगी दहावीला गेली तोवर एक पोलीस मोटारसायकलवरून पाठलाग करू लागला होता आणि शेवटी दवाखान्याच्या दारात सलाम ठोकून परत जात होता.

खरी गोष्ट एवढीच होती, की त्या दिवशी काकांचे हात इतके थरथरत होते की किल्ली भोकात जाईना. काकू शाळेत खेळशिक्षिका. त्यांनी दोन मिनिटं वाट पाहिली, मग नवऱ्याला बाजूच्या सीटवर ढकललं आणि कळा सोसत सोसत स्वतः गाडी चालवली. काकांनी डोळे मिटून घेतले होते. दवाखान्याच्या बाकावर सासूबाईंनी विचारलं, "गाडी कुणी आणली?" आणि काकांच्या तोंडून निघून गेलं, "मी." काकू तेव्हा आत होत्या. बाहेर आल्यावर त्यांच्या कानावर आलं, पण त्यांनी ते खोडून काढलं नाही, नुसत्या हसल्या. ते हसू काकांना तेवीस वर्षं दर वाढदिवसाला टोचत आलं होतं.

मुलगी आता गाड्यांचे ब्रेक तपासणाऱ्या कारखान्यात नोकरीला होती. काकांना तिच्या नोकरीचा भारी अभिमान. गाड्या पळवण्याच्या खात्यात असंख्य लोक असतात, आमची थांबवण्याच्या खात्यात आहे, असं ते सांगत. पण ती स्वतः मात्र वडिलांना वेगवान पुरुष समजत होती. रोज तीसच्या वेगाने चालणारी गाडी बघूनही समजत होती, कारण काकांनी तिला सांगून ठेवलं होतं, "ज्याने वेग भोगलाय, तोच हळू चालवू शकतो."

इमारतीत अकरा गाडीवाल्यांचं एक वाहनप्रेमी मंडळ होतं. मंडळाचं काम म्हणजे रविवारी आपापली गाडी धुणं आणि दुसऱ्याने ती कुठे लावली आहे यावर नाराज होणं. काका सचिव. त्यांचा साडू शेजारच्या विंगेत राहायचा, त्यामुळे तोही सभासद. या साडूने नवी विजेवरची गाडी घेतली आणि मंडळाच्या मोबाइल ग्रुपवर सरळ शर्यतीचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, झेंडा पडला की पाव मैल नाकासमोर पळवायच्या, आधी पोचेल तो जिंकला. वळण नाही, वळसा नाही, वीस सेकंदांत खेळ खलास. व्हिडिओखाली साडूने लिहिलं, "आपल्या मंडळात एवढी छाती कुणाची आहे?"

काका ते वाचून गप्प बसणार होते. गप्प बसणं हा त्यांच्या स्वभावातला सर्वांत विश्वासू भाग होता. पण ग्रुपवर मुलगीही होती. तिने लिहिलं, "माझ्या बाबांची आहे. ठेवा शर्यत. बाबाच आयोजन करतील." त्याखाली अंगठ्यांचा पाऊस पडला. काका बाथरूममध्ये जाऊन दहा मिनिटं नुसता नळ सोडून उभे राहिले. नाही म्हणावं तर मुलगी कारण विचारणार, आणि कारण एकच होतं. एकुलत्या एका माणसाच्या नजरेत आपण शूर आहोत, तीही नजर गेली तर आपल्याकडे उरतं काय, हा प्रश्न त्यांनी आरशाला विचारून पाहिला. बाहेर आल्यावर त्यांनी उत्तर टाकलं, "आयोजन करू. पण काही अटींवर."

मग सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी सुचवलं, की गाड्यांमध्ये निदान शंभर फूट अंतर ठेवावं. रस्ता तीस फूट रुंद होता. पेन्शनीत निघालेल्या बँक मॅनेजरचं म्हणणं पडलं, की धोका दोन गाड्या एकाच वेळी सोडल्यामुळे होतो. त्या एकेक सोडाव्यात आणि निकाल नंतर पत्राने कळवावा. तिसऱ्या मजल्यावरचे शीतगृहवाले मात्र उदार होते. त्यांच्या शीतगृहामागे मालाच्या ट्रकसाठी केलेला खासगी रस्ता होता, अगदी सरळ, आणि रविवारी मोकळा. त्यांनी तो देऊ केला आणि काकांची शेवटची आशा मावळली, कारण जागाच मिळणार नाही यावर त्यांची सगळी भिस्त होती.

राहिली परवानगी. काका सरकारी कचेरीत गेले ते मनात नकाराची प्रार्थना करत. खिडकीतल्या साहेबांनी चहा संपवला, कप धुतला, पुसला, खणात ठेवला आणि विचारलं, "शर्यत माणसांची की जनावरांची?"

"गाड्यांची."

"ते 'इतर'मध्ये येतं. मार्ग?"

"सरळ. पाव मैल."

"आणि परत कधी येणार?"

"परत यायचं नसतं हो. तिथेच संपते."

साहेबांनी पहिल्यांदाच मान वर केली. "मग गेलेच कशाला?"

गेले पंधरा दिवस काका स्वतःलाही हेच विचारत होते. साहेबांनी पुढचा रकाना वाचला. मार्गावरील वळणांची संख्या. काकांनी शून्य लिहिलं, तर साहेब म्हणाले शून्य चालत नाही, रकाना रिकामा धरला जातो. एक तास वाद झाला. शेवटी काकांनी 'एक (घरी जाताना)' असं लिहिलं आणि साहेबांना ते पटलं.

मग आला नववा रकाना: चालकाने वेगाचा अतिरेक करू नये यासाठी केलेली उपाययोजना. इथे काकांच्या अंगात एकतीस वर्षांची नोकरी संचारली. फॉर्म, रकाना आणि उपाययोजना हे तीन शब्द एकत्र दिसले की त्यांना स्वतःला आवरता येत नसे. नकार हवा आहे हे ते साफ विसरले. त्यांनी हजारो दावे तपासले होते आणि त्यांच्या लक्षात आलं होतं, की शेजारी आई बसलेली असताना माणूस क्वचितच खांबावर आदळतो. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'प्रत्येक चालकाच्या शेजारी त्याचा एक जवळचा नातेवाईक बसलेला असेल.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग आतल्या मोठ्या साहेबांना नेऊन दाखवलं. मोठे साहेब बाहेर आले, त्यांनी काकांशी हात मिळवला आणि म्हणाले, "अशी डोक्याची माणसं आमच्याकडे येत नाहीत." शिक्का तिथल्या तिथे पडला. मोठे साहेब स्वतः देखरेखीला येणार असंही ठरलं. काका ताठ मानेने जिना उतरले. आपण नेमकं काय केलं हे त्यांना खालच्या पायरीवर कळलं.

मंडळात हाहाकार उडाला. जो तो नातेवाईक शोधू लागला. काकांनी संध्याकाळी घाबरत घाबरत काकूंना विचारलं, "तू बसशील ना माझ्याशेजारी?"

"मी शेवटच्या रेषेवर उभी राहणार. घड्याळ आणि शिट्टी माझ्याकडे आहे," काकू कपडे घड्या करत म्हणाल्या. "शिवाय तुमच्याशेजारी बसायचं म्हणजे... माझी सवय उलटी आहे."

मुलगी आतल्या खोलीतून ओरडली, "मी बसणार! मला बघायचंय बाबा कसे पळवतात ते."

काकू टॉवेलात तोंड खुपसून हसल्या. काकांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

रविवारी सकाळी आठला शीतगृहामागे अर्धी वसाहत जमली. मोठे साहेब बायकोसह आले होते आणि त्यांच्यासाठी दोन खुर्च्या सावलीत मांडल्या होत्या. काकांनी चुन्याने रेषा आखल्या होत्या, कर्णा लावला होता, एका टोकाला रुग्णवाहिका उभी केली होती. तिचा चालक नाव नोंदवायला आला होता. पण त्याचा नातेवाईक गावाला गेल्यामुळे त्याला नकार द्यावा लागला.

पहिली जोडी: दातांचे डॉक्टर आणि त्यांची आई, विरुद्ध शीतगृहवाले आणि त्यांचे सासरे. झेंडा पडला. डॉक्टरांच्या आईने विचारलं, "एवढी घाई कसली आहे रे? कुणी बोलावलंय?" त्यावर डॉक्टरांनी पहिल्या गिअरमध्येच समजावून सांगायला सुरुवात केली. दुसरीकडे शीतगृहवाल्यांची गाडी ही सासऱ्यांनीच दिलेली होती. सासरे दर गिअरला "कशी सांभाळायची हे शिकवलं नव्हतं का?" एवढंच म्हणत होते. निम्म्या वाटेवर डॉक्टरांच्या आईचा चष्मा खाली पडला. डॉक्टर थांबले. माणुसकी म्हणून शीतगृहवालेही थांबले. चौघे मिळून चष्मा शोधू लागले आणि शेवटच्या रेषेवर काकू हातात चालू घड्याळ घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

दुसऱ्या फेरीत एका नवरा-बायकोचं रेषेवरच जुंपलं. घराला कुलूप कुणी लावलं होतं हा मुद्दा होता आणि दोघांनाही ते आपण लावल्याचं आठवत नव्हतं. झेंडा दोनदा पडला, त्यांची गाडी हलली नाही. त्यांचा प्रतिस्पर्धी एकटाच शेवटपर्यंत गेला, आणि भांडणाचा शेवट काय होतो ते बघायला उलट्या गिअरमध्ये परत आला. मोठ्या साहेबांच्या बायकोने खुर्ची थोडी पुढे सरकवून घेतली.

बँक मॅनेजरांना भाऊ सोडून नातेवाईक नव्हता, आणि भावाशी चार वर्षं बोलणं बंद होतं. परवानगीच्या अटीसाठी म्हणून भाऊ आला, न बोलता बसला. त्यांची गाडी बऱ्यापैकी वेगात निघाली, शेवटची रेषा ओलांडली आणि थांबलीच नाही. फाटकातून बाहेर गेली. तासाभराने दोघे परत आले ते चहा पिऊन, तावातावाने बोलत. मॅनेजरांचे डोळे लाल होते. निकालाची चौकशी त्यांनी केलीच नाही. काकांना मनातून बरं वाटलं, पण त्यांनी वहीत 'अनुपस्थित' अशीच नोंद केली.

मग कर्ण्यावरून शेवटची जोडी पुकारली गेली: साडू आणि सचिव.

साडूच्या शेजारी काकूंची थोरली बहीण, म्हणजे जगातली अशी एकच नातेवाईक जी नवऱ्याला "पळवा" म्हणत होती. साडूने काच खाली करून काकांना हात केला. काकांनी आपली चोवीस वर्षांची जुनी गाडी रेषेला लावली, सवयीने बंद करून किल्ली काढली, मग पुन्हा चालू करायला गेले. आणि किल्ली भोकात जाईना.

"बाबा, आज दाखवून द्या," मुलगी पट्टा लावत म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "दवाखान्याच्या दिवशीसारखी काढा."

किल्ली इकडे आपटली, तिकडे आपटली, खाली पडली. काकांनी ती उचलली नाही. बाहेर पन्नास-साठ माणसं होती, कर्णा होता, साडू होता, मोठे साहेब होते. काकांना त्यातलं कुणी दिसत नव्हतं. शेजारी बसलेली एवढीशी पोर तेवढी दिसत होती. हिला घेऊन आपण उगाच जोर काढायला गेलो आणि काही झालं तर? एका खोट्यापायी हिला घेऊन धडकायचं?

"त्या दिवशी गाडी मी चालवली नव्हती," ते स्टीअरिंगकडे बघत म्हणाले. "तुझ्या आईने चालवली. कळा सोसत. मी बाजूला बसलो होतो. डोळे मिटून."

मुलीने त्यांच्याकडे मान वळवली.

"आणि ट्रक?" तिने विचारलं.

"ट्रक नव्हता."

"फाटक?"

"त्या रस्त्यावर रेल्वेच नाही गं."

साडूने भोंगा वाजवला. मुलगी खाली वाकली, किल्ली उचलली, पट्टा सोडला, दार उघडून बाहेर पडली आणि गाडीला वळसा घालून काकांच्या खिडकीशी येऊन उभी राहिली. "उतरा," ती म्हणाली. तिच्या आवाजावरून काहीच कळेना. काका उतरले. पलीकडच्या दारापर्यंत फार तर सात पावलं होती. पण अख्ख्या वसाहतीसमोर, स्वतःच्या गाडीच्या नाकावरून ती सात पावलं टाकताना त्यांना आपले हात कुठे ठेवावेत ते समजेना.

मोठे साहेब धावत आले. "काय, बिघाड आहे का?"

"हो," काका म्हणाले. "चालकात होता. बदललाय."

साहेबांनी कागद उघडला. "शेजारी बसणाऱ्याचं चालकाशी नातं?"

"वडील."

"जवळचे?"

काकांनी मुलीकडे बघितलं. ती समोर बघत होती. "अजून तरी," ती म्हणाली. साहेबांनी तसंच लिहून घेतलं.

झेंडा पडला. साडूची गाडी जागची हललीच नाही. कुणाचा तरी पट्टा लावायचा राहिला म्हणून ती आतून टुं टुं करू लागली. थोरल्या बहिणीने लोकांना आपण नीट दिसावं म्हणून पट्टा सोडला होता. तेवढ्यात काकांची जुनी गाडी अशी काही ओरडली, की काकांना वाटलं तिला हा आवाज होता हेच आपल्याला माहीत नव्हतं. ते मागच्या पाठीला चिकटले. समोरचा रस्ता अंगावर आला. त्यांनी उजवा पाय तळाशी गच्च दाबून धरला, जणू तिथेही एक ब्रेक आहे. 'हळू' म्हणण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं, पण जबडा मिटेना आणि शब्दही बाहेर पडेना. डोळे मात्र उघडे होते. मुलीचे हात त्यांना दिसत होते. एवढे शांत हात त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिले होते, तेही पापण्यांच्या फटीतून. एव्हाना पट्टा लावून सुटलेली साडूची गाडी उजव्या बाजूने सुळकन जवळ आली, बरोबरीला आली, आणि चुन्याची रेषा कुठे तरी खालून निघून गेली.

मुलीने गाडी इतक्या बेताने थांबवली, की आरशाला टांगलेली जपमाळसुद्धा हलली नाही. मागे साडू खिडकीतून "मी जिंकलो, मी जिंकलो" असं ओरडत होता आणि काकू हातातल्या घड्याळाकडे बघत होत्या. ड्रायव्हरच्या जागी कोण आहे हे दिसल्यावर घड्याळ दाबायचंच त्यांच्याकडून राहून गेलं होतं. त्यामुळे या शर्यतीचा निकाल आजवर लागलेला नाही, आणि साडू तो आजवर मागतो आहे.

काकू धापा टाकत खिडकीशी आल्या. त्यांनी कोण कुठे बसलंय ते नीट पाहून घेतलं.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"सगळं? सिग्नलचंही?"

काकांनी समोरच्या खणाचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.

"कसला सिग्नल?" मुलीने विचारलं.

"लाल होता," काका अगदी बारीक आवाजात म्हणाले. "रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पण... नियम तो नियम. मी तिला थांबायला लावलं."

"कळा चालू असताना?"

"हिरवा होईपर्यंतच."

मुलीने कपाळ स्टीअरिंगवर टेकलं. तिचे खांदे हलू लागले. तेवीस वर्षं जपलेलं सगळं गेलं असं काकांना वाटलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि मध्येच थांबवला. "रागावलीस?"

तिने मान वर केली तेव्हा हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसत तिने आधी आईकडे पाहिलं, मग हातातल्या स्टीअरिंगकडे.

"म्हणजे त्या दिवशीही मी याच सीटवर होते," ती म्हणाली. "आईच्या पोटात."

काकांनी मान हलवली. ही गोष्ट तेवीस वर्षांत त्यांच्या लक्षातच आली नव्हती.

"आणि तुम्ही तिथेच होता. शेजारी."

"हो."

"मग बसा तिथेच," तिने किल्ली फिरवली. "घरी मी नेते."

काकूंनी मागचं दार उघडलं, आत बसल्या, शिट्टी गळ्यातून काढून पर्समध्ये टाकली आणि म्हणाल्या, "चल."